एक जुना, एक नवा: हिप-हॉपचे अल्बम, पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत

सुई_खाली

गेले काही महिने एक खूळ डोक्यात घेतलंय. आठवड्याला हिप-हॉपचे दोन अल्बम ऐकायचे, एक जुना आणि एक अलीकडचा. अट एकच: क्रम मोडायचा नाही आणि मधलं काही उडवायचं नाही. फोन पालथा. ऐकून झालं की वहीत चार ओळी खरडायच्या. त्या ओळींचाच हा धागा. तुम्हीही जोड्या लावा, भांडा, माझं चुकलं तर कान धरा. दहापैकी गुण वगैरे देणार नाही. पहिल्यांदा ऐकताना साडेआठ दिलेला अल्बम तिसऱ्यांदा पाचावर घसरलेला मी स्वतःच्याच वहीत पाहिलाय.

पहिली जोडी: नासचा 'इलमॅटिक' (१९९४) आणि केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' (२०२४). मध्ये तीस वर्षं.

'इलमॅटिक' दहा ट्रॅकचा, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खलास. त्यातला पहिला तर धड गाणंही नाही. गाडीचा खडखडाट, 'वाइल्ड स्टाइल' या सिनेमातले संवाद, आणि मागे नासचाच एक जुना व्हर्स पुसटसा. नास तेव्हा वीस वर्षांचा होता. बीट्स मात्र पाच जणांचे: डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल.ई.एस. पाच गवंड्यांनी बांधलेलं घर म्हटलं की भिंती वाकड्या येणारच अशी माझी समजूत. इथे एकही येत नाही, कारण पाचही जण एकाच मोहल्ल्याचा आवाज शोधत होते. 'एन.वाय. स्टेट ऑफ माइंड'मध्ये प्रीमियरने जॅझमधल्या जो चेंबर्स यांच्या पियानोचे मोजके सूर उचललेत, आणि कोरसच्या जागी रकीम या आधीच्या रॅपरचा आवाज नुसता स्क्रॅच करून ठेवलाय. बस. बाकी सगळी जागा नासला मोकळी.

पाहुणा रॅपर एकच, एझी, 'लाइफ्स अ बिच'मध्ये. त्याच गाण्याच्या शेवटी नासचे वडील ओलू दारा कॉर्नेट वाजवतात. विशीतला पोरगा आयुष्याचा भरवसा नाही म्हणून सांगून गप्प होतो, आणि मग बाप एक शब्दही न बोलता वाजवत राहतो. मी ते शेवटचं मिनिट किती वेळा ऐकलं असेल, मोजलेलं नाही.

'जीएनएक्स' २२ नोव्हेंबर २०२४ ला कसलीही दवंडी न पिटता आला. नाव ब्युइकच्या १९८७ सालच्या गाडीचं. जेमतेम ५४७ बनल्या होत्या. केंड्रिकही १९८७ चाच. बारा गाणी, ४४ मिनिटं. सुरुवातीला डेयरा बरेरा या मारियाची गायिकेचा स्पॅनिश सूर, आणि तो विरतो न विरतो तोच हा दातओठ खात आत शिरतो. त्या वर्षी ड्रेक या रॅपरशी झालेल्या भांडणाची धग अजून निवलेली नसते. पहिल्यांदा मला हा नुसता विजयाचा ढोल वाटला. 'हे नाऊ' आणि 'पीकाबू' तर अजूनही तसेच वाटतात, ठोके भरपूर, हाताला काही लागत नाही.

पण शेवटचं 'ग्लोरिया'. सगळं गाणंभर वाटतं की हा प्रेयसीशी भांडतोय, रुसतोय, परत लाडीगोडी लावतोय. शेवटी कळतं, ती म्हणजे त्याची लेखणी. युक्ती नवी नाही. १९९४ मध्येच कॉमनने 'आय यूज्ड टू लव्ह एच.ई.आर.'मध्ये अख्ख्या हिप-हॉपलाच प्रेयसी करून टाकलं होतं. तरीही अकरा गाणी छाती पुढे काढून झाल्यावर हा माणूस अचानक पेनासमोर नमतो, तेव्हा मागची अकरा वेगळी ऐकू येतात. हेच गाणं तिसऱ्या नंबरवर असतं तर मी विसरून गेलो असतो.

तर माझं मत असं बनत चाललंय की अल्बमचा कस त्यात काय आहे यापेक्षा काय टाकून दिलंय यावर ठरतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडे बहुधा सांगण्यासारखं नसतं.

रात्रीचा_रेडिओ

तूर्तास रुमाल टाकून ठेवतो. 'डोनट्स'वर लिहायचंय, सवडीने.

बेताल

शेवटच्या वाक्यापर्यंत पूर्ण सहमत. शेवटच्या वाक्याला कडाडून विरोध.

आउटकास्ट या अटलांटाच्या जोडीचा 'अ‍ॅक्वेमिनाय' (१९९८) काढा. पाऊण तासाच्या कितीतरी पुढे जातो, जवळजवळ सव्वा तास. त्यात 'स्पॉटीओटीडोपालिशस' नावाचं सात मिनिटांचं प्रकरण आहे. त्यात धड रॅप नाही, गप्पा मारल्यासारखं बोलणं आहे, आणि ब्रासची ती एकच ओळ फिरून फिरून येते. घाई कसलीच नाही. रात्रभर कुठेतरी नाचून, भांडण बघून घरी परतणाऱ्या माणसाच्या चालीचं गाणं. तुमच्या कात्रीखाली पहिला बळी याचाच गेला असता, सुईभाऊ.

आणि 'रोझा पार्क्स'मधला तो मधला टाळ्यांचा आणि माउथऑर्गनचा तुकडा? वाजवणारे जोडीतल्या आंद्रेचे सावत्र वडील, पेशाने पाद्री. गाण्याला त्याची काडीची गरज नव्हती. पण त्या तुकड्यामुळे गाणं अटलांटाचं होतं. १९९५ च्या सोर्स अवॉर्ड्समध्ये न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी याच दोघांची हुर्यो उडवली होती आणि आंद्रेने माइकवरून सुनावलं होतं की दक्षिणेलाही काही सांगायचंय. तीन वर्षांनी त्यांनी ते सव्वा तास सांगितलं. ते चाळीस मिनिटांत सांगायला हवं होतं का?

केंड्रिकचाच 'टू पिम्प अ बटरफ्लाय' (२०१५) घ्या. ७९ मिनिटं! एक कविता गाण्यांच्या मधून मधून येते, दर वेळी काही ओळी वाढतात. शेवटच्या ट्रॅकला कळतं की ती तो टुपाक या रॅपरला वाचून दाखवत होता. १९९४ मधली टुपाकची रेडिओ मुलाखत घेऊन त्यातल्या उत्तरांना स्वतःचे प्रश्न जोडलेत. टुपाक १९९६ मध्ये गेला. केंड्रिक शेवटचा प्रश्न विचारतो, उत्तर येत नाही. ही शांतता मिळवायला तासभर चालत यावं लागतं. थेट शेवटच्या ट्रॅकवर उडी मारून बघा, नुसती गंमत वाटेल.

सुई_खाली

बेतालराव, 'अ‍ॅक्वेमिनाय'पुरते दंडवत. वाक्य जोशात लिहून गेलो खरं.

पण माझा राग वेगळ्याच लांबीवर आहे. मिगोसचा 'कल्चर २' (२०१८) आठवा: २४ गाणी, एक तास पंचेचाळीस मिनिटं. पहिली सहा ऐका, मग अठरावं ऐका, काही चुकल्यासारखं वाटतं का? खपाच्या याद्या काढणाऱ्या बिलबोर्डने २०१४ च्या डिसेंबरपासून १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम असा हिशेब धरायला सुरुवात केली. मग काय, जितकी गाणी जास्त तितका मीटर पळतो. तिथे गाण्यामागे गाणं येतं ते कशासाठी हे उघड आहे.

अर्धमात्रा

दोघांच्याही मध्ये पडते.

लांबीचा दोष एकट्या स्ट्रीमिंगवर ढकलू नका. सीडी आल्यावर चौऱ्याहत्तर मिनिटांची जागा मिळाली, आणि मिळालेली जागा भरायची खोड माणसाला असतेच. टुपाकचा 'ऑल आइज ऑन मी' (१९९६) दोन सीडींचा, २७ गाणी, दोन तासांच्या वर. स्ट्रीमिंगचा पत्ताही नव्हता तेव्हा. त्यातली निम्मी गाणी अंगावर काटा आणतात, उरलेली पार्टीत मागे वाजायला बरी.

मला खरं आकर्षण दुसऱ्या टोकाचं. जागा अजिबात नसताना काय केलं लोकांनी? ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे सॅम्पलर, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधले तुकडे ('सॅम्पल') उचलून वाजवणारं मशीन, १९८७ चं. त्यात सगळे मिळून साधारण दहा सेकंदांचा आवाज मावायचा. दहा! म्हणून मंडळी ३३ च्या वेगाची एलपी ४५ वर फिरवून सॅम्पल घ्यायची, म्हणजे कमी सेकंदांत जास्त मावायचं, आणि मग मशिनमध्ये सूर खाली उतरवून मूळ वेगावर आणायची. मशीन मुळात १२ बिटांचं, त्यात ही ओढाताण. त्यामुळे आवाजाला एक खरखरीत, वाळू चढल्यासारखा पोत यायचा. पीट रॉकचे ठोके ज्या धुळीसाठी आपण डोक्यावर घेतो ती धूळ काटकसरीतून आलीये. पुढे मेमरी मुबलक झाली, तर लोक तीच धूळ मुद्दाम विकत घेऊन घालायला लागले.

दुसरी कात्री कोर्टाची. डी ला सोलचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' (१९८९) ऐकला नसेल तर आजच ऐका. निर्माता प्रिन्स पॉलने त्यात काय काय कोंबलंय! मधे मधे चक्क प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालतो. गाण्यांच्या मधल्या छोट्या नाटुकल्यांची, 'स्किट'ची, ती प्रथा रुळली ती यानंतर. टर्टल्स या जुन्या बँडच्या गाण्याचा तुकडा न विचारता वापरला म्हणून दावा झाला, कोर्टाबाहेर मिटला. मग १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीवर गिल्बर्ट ओ'सुलिव्हानच्या गाण्यावरून खटला, आणि न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. तिथून प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि पैसे. एका गाण्यात डझनभर तुकडे शिवायची चैन संपली. बिझ मार्कीने पुढच्या अल्बमचं नाव ठेवलं 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!'. माणूस हरला, पण जीभ हरली नाही.

याच भानगडींमुळे डी ला सोलचे सुरुवातीचे अल्बम कित्येक वर्षं स्ट्रीमिंगवर येऊ शकले नाहीत. आले ते ३ मार्च २०२३ ला. तिघांतला ट्रूगॉय त्याआधी तीन आठवड्यांच्या आतच, १२ फेब्रुवारीला गेला होता. मी तो शुक्रवार पूर्ण त्यांच्यावर घालवला. एवढा हसरा अल्बम ऐकताना रडू येणं जरा विचित्रच होतं.

नवखा_कान

चर्चा भारी चाललीये, पण एक बाळबोध शंका. मला अर्धे शब्दच कळत नाहीत. वेग, बोली, टोपणनावं, गल्ल्यांची नावं. शब्द समोर ठेवून वाचत ऐकलं तर ठेका निसटतो, ठेका धरला तर शब्द निसटतात. तुम्ही लोक नक्की ऐकता तरी कसं?

अर्धमात्रा

बाळबोध अजिबात नाही. पहिल्या फेरीत शब्द सोडून द्या. रॅपरचा आवाज हे तालवाद्य आहे असं समजा आणि यमकं कुठे पडतात एवढंच बघा.

आपल्याकडे यमक म्हटलं की चरणाच्या शेवटी. सुरुवातीचे बरेचसे रॅपरही तसेच, ओळ संपली की ठो! रकीमने 'पेड इन फुल'मध्ये (१९८७) हे यमक ओळीच्या पोटात नेलं. एक ओळीच्या मध्यावर, दुसरं शेवटी, तिसरं पुढच्या ओळीत सांडलेलं. आणि आवाज चढवत नाही. शेजारी बसून बोलावं तसा बोलतो, त्यामुळे यमक वाजतं तेव्हा आपण बेसावध असतो. रकीमच्या डोक्यात जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन होता, स्वतः लहानपणी सॅक्सोफोन वाजवायचा. चार मात्रांची बार मोजत ऐका: वाक्य बारच्या रेघेवर संपतंय की रेघ ओलांडून पलीकडे जातंय? समेवर येणारे रॅपर आणि सम चुकवून मजा घेणारे रॅपर, हा फरक एकदा कानाला लागला की अर्धं काम झालं.

दुसऱ्या फेरीत शब्द वाचा, पण गाणं बंद करून. तिसऱ्या फेरीत दोन्ही आपोआप जुळतं.

सुरुवातीला अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी' (१९९१) घ्या. क्यू-टिप आणि फाइफ, एकाचा आवाज नाकातला मऊ, दुसऱ्याचा ठणठणीत, कोण बोलतंय ते लगेच कळतं. संगीतात गर्दी नाही: ड्रम, बास, अधूनमधून एखादा हॉर्न. एका गाण्यात जॅझमधले रॉन कार्टर स्वतः डबल बास वाजवतात. हेडफोनवर ऐका, फोनच्या स्पीकरवर हा अल्बम अर्धाही ऐकू येत नाही.

बेताल

+१. फक्त एक पुरवणी. पहिल्या फेरीत शब्द सोडायचे हे ठीक, पण एमएफ डूम या रॅपरच्या बाबतीत ते चालत नाही. तो सोडला तर नुसता झोपेत बडबडणारा माणूस वाटतो.

कॅसेटवाली

इतके प्रतिसाद झाले आणि अजून एकाही रॅपर बाईचं नाव नाही, म्हणून लॉग इन केलं.

'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल', ऑगस्ट १९९८. ग्रॅमीचा 'अल्बम ऑफ द इयर' मिळवणारा पहिला हिप-हॉप अल्बम. स्किट कशाला असतात असं मला कुणी विचारलं तर मी याचं पहिलं मिनिट लावते. शाळेची घंटा, मास्तर हजेरी घेतायत. एकेक नाव, एकेक 'हजर'. मग लॉरिन हिल. उत्तर नाही. पुन्हा लॉरिन हिल. उत्तर नाही. संपलं, गाणं सुरू. त्यानंतर गाण्यांच्या अधूनमधून तो वर्ग परत येतो, मुलं प्रेम म्हणजे काय यावर वाद घालत असतात, आणि ती वर्गात नसते. का नव्हती, कुठे होती, हे गाणी सांगतात. (अवांतर: ते मास्तर म्हणजे रास बराका, पुढे २०१४ मध्ये नेवार्क शहराचे महापौर झाले.)

आता हा अल्बमही सव्वा तासाच्या पुढचा आहे हे सुईभाऊंनी वहीत लिहून घ्यावं. हलके घ्या.

दुसरं जरा कडू. 'क्लासिक' म्हणून जी यादी पुढे केली जाते तिच्यातल्या कितीतरी अल्बमांत बाईला नाव नसतं, शिवी असते. डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक' (१९९२) घ्या. तो खोल, सुस्त बास, वर तरंगणारी सिंथेसायझरची ती बारीक शीळ, आणि स्नूपचा तेलकट आवाज. ध्वनी म्हणून त्याच्यासारखा अल्बम क्वचितच. पण पूर्ण ऐकताना माझा हात दोन-तीनदा तरी बटणाकडे जातो. त्या काळाचं प्रतिबिंब वगैरे ठीक आहे, मला समजतं, तरी माझ्या कानाला सक्ती नाही. न उडवता ऐकायचं ही या धाग्याची अट मी तिथे मोडते. चालेल ना?

सुई_खाली

चालेल काय, ते वहीत लिहायलाच हवं. कुठे हात बटणाकडे गेला हेही परीक्षणच.

कॅसेटवाली

मग नव्यांपैकी माझी जोडी सांगून टाकते: लंडनच्या लिटल सिम्झचा 'समटाइम्स आय माइट बी इन्ट्रोव्हर्ट' (२०२१). पुढच्या वर्षी ब्रिटनचं मर्क्युरी प्राइझ मिळालं त्याला. नावाची आद्याक्षरं जुळवली की 'सिम्बी' होतं, तिचं घरचं नाव. लॉरिनसारखीच इथेही एक बाई स्वतःशी बोलतेय, पण सोबतीला अख्खा वाद्यवृंद, पहिल्याच गाण्यात ढोलताशे वाजवत राजवाड्यात शिरल्यासारखा. आणि आत शिरून म्हणतेय काय, तर मी अबोल आहे. मला ते फारच आवडलं. मधली परीकथेसारखी निवेदनं मात्र दुसऱ्यांदा ऐकताना जड जातात. लॉरिनचा वर्ग पंचवीस वर्षांनीही जड जात नाही. मुलं खरीखुरी बोलतायत म्हणून असेल.

तिसरी डोइची. 'अ‍ॅलिगेटर बाइट्स नेव्हर हील', २०२४. ग्रॅमीचं रॅप अल्बमचं बक्षीस मिळवणारी ती तिसरीच स्त्री. 'डिनायल इज अ रिव्हर'मध्ये ती आपल्याच मनाशी, डॉक्टरपुढे बसल्यासारखी बोलते आणि शेवटी श्वासोच्छ्वासाच्या व्यायामाचं रॅप होतं. विनोदी म्हणून ऐकायला घेतलं, संपताना माझाच श्वास वरखाली झालेला.

सुई_खाली

दुसरी जोडी टाकतो. मॅडव्हिलनचा 'मॅडव्हिलनी' (२००४) आणि क्लिप्सचा 'लेट गॉड सॉर्ट एम आउट' (२०२५).

मॅडव्हिलन म्हणजे रॅपर एमएफ डूम आणि बीट्स बनवणारा मॅडलिब. (डूमचा आग्रह की माझं नाव लिहाल तर सगळी अक्षरं मोठी. आपल्या लिपीत तशी सोय नाही, माफी असावी.) बावीस ट्रॅक, ४६ मिनिटं. कोरस शोधून सापडत नाही. 'अकॉर्डियन' दोन मिनिटांच्या आत संपतं. लक्ष लागतंय तोवर पुढचं दार उघडलेलं असतं. मुखवटा घातलेला माणूस, पण ओरडत नाही. त्याचं एक कारण गमतीचं आहे. अल्बमची कच्ची प्रत वर्षभराहून आधीच बाहेर फुटली होती. मधल्या काळात डूमने पुष्कळ गाणी नव्याने म्हटली, आवाज खाली आणून, संथ, जवळपास पुटपुटत. चोरीने अल्बम सुधारल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. बेतालराव म्हणतात ते खरं, डूमला शब्द सोडून ऐकता येत नाही. यमक एका शब्दाला जुळत नाही, अख्ख्या ओळीतल्या अक्षरामागे अक्षर जुळत जातं, आणि अर्थ त्याच्या मागे धापा टाकत येतो.

क्लिप्स हे भाऊ-भाऊ, पुशा टी आणि मॅलिस. आधीचा अल्बम २००९ चा. मग मॅलिस देवाधर्माकडे वळला, नावात 'नो' लावून 'नो मॅलिस' झाला, जोडी मोडली. सोळा वर्षांनी परत आले, संगीत पुन्हा निर्माता फॅरेलचं. मला वाटलं होतं पहिल्याच मिनिटाला तीच जुनी पांढऱ्या पावडरीची बढाई सुरू होईल. तर पहिलं गाणं 'द बर्ड्स डोन्ट सिंग', आईवडिलांच्या मृत्यूवर. दोघेही काही महिन्यांच्या अंतराने गेले. पुशा आईबद्दल बोलतो, मॅलिस वडिलांबद्दल. पुशाच्या कडव्यात आई जाण्याआधीच्या शेवटच्या गप्पा आहेत, तिने निरवानिरव केली होती आणि आपल्याला ती ऐकूच आली नाही ही बोच. मॅलिसला वडील घरात निपचित सापडले, ते तो एका दमात सांगतो. दोघेही रडका सूर लावत नाहीत. गुन्ह्याच्या गोष्टी सांगताना जो कोरडा आवाज लावायचे तोच इथे. म्हणून लागतं.

आणि मग दुसऱ्या गाण्यापासून बढाई सुरू होते! इथे मी अडलो. पहिल्यांदा राग आला, एवढं सांगून परत तेच? आता वाटतं, श्राद्ध आटोपून माणूस दुकान उघडतोच की. फॅरेलचं संगीत मात्र काही ठिकाणी फारच चकचकीत आहे. त्यांच्याच 'हेल हॅथ नो फ्युरी'मधला (२००६) तो हाडं वाजल्यासारखा ठणठणाट इथे हवा होता.

बेताल

श्राद्ध-दुकान पटलं. चकचकीतपणाबद्दल नाही. मॅलिसचा आवाज पन्नाशीतला आहे, त्याच्याखाली हाडं वाजवली असती तर नक्कल वाटली असती.

आणि नोंद घ्या, ४० मिनिटांच्या आसपासचा अल्बम आणि सव्वा तासाचा अल्बम, दोन्हींवर तुम्ही आता क्रमाबद्दलच बोलताय. लांबीचं प्रकरण मिटलं असं मी जाहीर करतो.

रात्रीचा_रेडिओ

रुमाल उचलतो.

बीट्स बनवणाऱ्या जे डिलाचा 'डोनट्स'. ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला आणि तीन दिवसांनी तो गेला. ३१ तुकडे, ४३ मिनिटं, रॅप नाहीच. जुनी सोल गाणी चिरून, उलटीपालटी करून जोडलेली. बहुतेक तुकडे मिनिट-दीड मिनिटाचे. एक सूर ओळखीचा वाटेपर्यंत तोडलेला, पुढचा सुरू. इस्पितळातल्या खाटेवर, मांडीवर छोटं सॅम्पलर आणि हलवता येणारा रेकॉर्ड प्लेयर घेऊन त्याने हा बनवला. हे माहीत असताना त्यातली प्रत्येक हाक निरोपाची वाटते.

अर्धमात्रा

एक दुरुस्ती, मन मोडायचं नाही तरी. खाटेवरची गोष्ट फार पसरलीये. डॅन चार्नस यांनी डिलावरच्या २०२२ च्या पुस्तकात ती खोडून काढलीये. बराचसा मजकूर त्याने आधी, घरी, संगणकावर केलेल्या बीट टेपमधला आहे.

रात्रीचा_रेडिओ

असं का? मग मी वीस वर्षं ऐकत होतो ते काय होतं? ... थांबा, आज रात्री पुन्हा लावतो.

(दुसऱ्या दिवशी)

लावला. निरोप तरीही ऐकू येतोच. पण या वेळी दुसरं काही ठळक झालं: हा माणूस चेष्टा करतोय. सायरन वाजवून झोप मोडतो. गायकाचं वाक्य अर्ध्यात कापून भलतंच वाक्य बनवतो. खाटेची गोष्ट डोक्यात असताना मी हे हसणं ऐकलंच नव्हतं. अर्धमात्राताई, आभार, थोडा रागही.

नवखा_कान

'लो एंड थिअरी' तीन फेऱ्यांत ऐकला, सांगितल्याप्रमाणे. दुसऱ्या फेरीत गाणं बंद करून शब्द वाचले ते सगळ्यात कामाचं. फाइफची एक कोटी मला चक्क स्वतःहून कळली.

मग 'डोनट्स' लावला आणि काम करत बसलो. खूप लांब आहे हो, ४३ मिनिटं कसली? दीड तास झाला तरी चालूच होता.

रात्रीचा_रेडिओ

पहिल्या ट्रॅकचं नाव बघा आणि शेवटच्याचं बघा.

नवखा_कान

पहिला 'आउट्रो'. शेवटचा 'इन्ट्रो'. चुकून उलटा लावला का मी?

रात्रीचा_रेडिओ

नाही. त्याने तसाच ठेवलाय. शेवटचा जिथे तुटतो तिथेच पहिला सुरू होतो. तुमच्या फोनवर 'रिपीट' चालू होतं.

नवखा_कान

म्हणजे मी तो दोनदा ऐकला?

बेताल

दोनदा आणि थोडा. सुईभाऊ, याची लांबी वहीत किती लिहिणार?